विश्लेषण : घरी बांधलेल्या जायरोप्लेनला सायकलचे डिस्क ब्रेक पुरतात का?

अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात छोटे एकआसनी जायरोप्लेन स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधणाऱ्या हौशी उड्डाणप्रेमींची जुनी परंपरा आहे. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी यातील काही जण विमानाच्या ब्रेकऐवजी सायकलचे डिस्क ब्रेक वापरतात. उडणाऱ्या यंत्राला सायकलचे ब्रेक हे ऐकायला धोकादायक वाटते. मात्र आकडेमोड केली तर चित्र वेगळे दिसते. ज्या ठिकाणी धोका वाटतो तिथे तो फारसा नाही आणि जिथे कोणाचे लक्ष जात नाही तिथे तो दडलेला आहे. नेमका कुठे, ते समजून घेऊ.

जायरोप्लेन म्हणजे काय?

जायरोप्लेन किंवा जायरोकॉप्टर दिसायला लहान हेलिकॉप्टरसारखे असते, पण त्याचे तत्त्व निराळे आहे. हेलिकॉप्टरमध्ये वरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, इंजिन फिरवते. जायरोप्लेनमध्ये उड्डाणादरम्यान इंजिनाचा रोटरशी संबंध नसतो. इंजिन फक्त मागचा प्रोपेलर फिरवून यंत्राला पुढे ढकलते. किंचित मागे कललेल्या रोटरमधून खालून वर वारा जातो आणि त्या वाऱ्यानेच तो फिरत राहतो. जत्रेतील कागदी भिंगरी वाऱ्यावर फिरते, तसाच हा प्रकार. इंजिन बंद पडले तरी रोटर फिरत राहतो आणि यंत्र उतरवता येते.

स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांच्या यंत्राने जानेवारी १९२३ मध्ये या तत्त्वावर पहिले यशस्वी उड्डाण केले. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या नट-बोल्टने जोडून घरी बांधता येईल असे जायरो तयार केले आणि त्याचे आराखडे विकले. १९६७ सालच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या जेम्स बाँडच्या चित्रपटातील ‘लिटल नेली’ हे ब्रिटनच्या केन वॉलिस यांनी बांधलेले जायरो होते. आजही बेन्सन यांच्या धाटणीची उघडी, एकआसनी यंत्रे अनेक देशांत घरी बांधली जातात.

त्याला ब्रेक कशासाठी लागतात?

जायरोप्लेन फार कमी वेगाने उतरते. जमिनीलगत येताना वैमानिक दांडी मागे ओढून रोटर मागे कलवतो आणि पुढचा वेग जवळजवळ मारून टाकतो. चांगला वारा समोरून असेल तर यंत्र काही मीटर धावून थांबते. तेव्हा उतरल्यावर थांबणे हे ब्रेकचे मुख्य काम नाही.

मुख्य काम त्याआधीचे आहे. उड्डाणापूर्वी रोटरला गती द्यावी लागते. त्यासाठी इंजिनापासून रोटरपर्यंत तात्पुरती जोडणी करणारी यंत्रणा असते. तिला प्री-रोटेटर म्हणतात. रोटरला ही सुरुवातीची गती मिळेपर्यंत यंत्र जागेवर उभे राहिले पाहिजे. या वेळी इंजिनाचा जोर वाढवलेला असतो आणि प्रोपेलर यंत्राला पुढे ढकलत असतो. ब्रेकने धरून ठेवले नाही तर रोटर हळू फिरत असतानाच यंत्र पळू लागते. कमी फेऱ्यांवरील रोटरवर जोराचा वारा आला की पाती वरखाली फडफडू लागतात आणि शेपटीला, प्रोपेलरला किंवा जमिनीला आपटू शकतात. म्हणजे न धरणारा ब्रेक हा थेट रोटर मोडण्याचा धोका आहे.

याशिवाय इंजिन सुरू करताना, तापवताना, धावपट्टीकडे जाताना आणि उड्डाण ऐनवेळी रद्द करावे लागले तर ब्रेक लागतात. छोटी इंजिने अनेकदा दोरी ओढून सुरू केली जातात. तेव्हा यंत्र धरून ठेवायला कुणी नसेल आणि ब्रेकही नसेल, तर फिरत्या प्रोपेलरसह ते निसटू शकते.

मग सायकलचेच ब्रेक का?

पहिले कारण वजन. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या ‘भाग १०३’ या नियमानुसार २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोपेक्षा कमी रिकाम्या वजनाच्या एकआसनी यंत्राला नोंदणी लागत नाही आणि वैमानिकाला परवानाही लागत नाही. इंधनाची मर्यादा ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर आहे. इंजिन, रोटर, चाके, आसन हे सगळे ११५ किलोंत बसवताना प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशोब करावा लागतो. सायकलचा कॅलिपर आणि १६० मिलिमीटरची डिस्क मिळून अर्धा किलोही भरत नाहीत.

दुसरे कारण उपलब्धता. पॅड, तारा, डिस्क कोणत्याही मोठ्या सायकल दुकानात मिळतात. मापेही ठरलेली आहेत. सहा बोल्टच्या डिस्कचे बोल्ट ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, कॅलिपरच्या दोन बोल्टमधील अंतर एका पद्धतीत ५१ आणि दुसऱ्या पद्धतीत ७४ मिलिमीटर असते. त्यामुळे लेथवर जोडपट्टी बनवून घेणे सोपे जाते.

तिसरे कारण म्हणजे आधीचे उदाहरण. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या, आडव्या बसून चालवायच्या तीनचाकी सायकलींना वर्षानुवर्षे हेच ब्रेक लागतात. त्यांची पुढची चाके एका बाजूनेच आधार असलेल्या आखूड आसावर असतात. जायरोप्लेनच्या मागच्या दोन चाकांची रचनाही तशीच असते.

जुन्या साध्या यंत्रांत तर पायाने पत्रा किंवा फळी टायरवर दाबून वेग कमी केला जाई. त्या तुलनेत सायकलचा डिस्क ब्रेक ही मोठी सुधारणा आहे.

ऊर्जेचा हिशोब काय सांगतो?

ब्रेक वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलतो. त्यामुळे किती ऊर्जा शोषायची, हा पहिला प्रश्न. विमानाच्या ब्रेकची क्षमताही याच मापात सांगितली जाते.

वैमानिक आणि इंधनासह २५० किलोचे जायरो घेऊ. ताशी २५ किलोमीटर वेगाने धावताना त्याच्यात सुमारे ६ किलोज्यूल ऊर्जा असते. आता स्वारासह १०० किलोची सायकल घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाला तिच्यातही सुमारे ६ किलोज्यूलच ऊर्जा असते. म्हणजे नेहमीच्या उतरण्यात या ब्रेकवर उतारावरून येणाऱ्या सायकलीपेक्षा जास्त भार पडत नाही. शिवाय जायरोत तो दोन चाकांत वाटला जातो. १६० मिलिमीटरच्या डिस्कचे वजन ११० ग्रॅम धरले आणि सगळी उष्णता तिच्यातच राहिली असे मानले, तरी तापमान साधारण ५५ अंशांनी वाढते. त्यात काळजीचे काही नाही.

हेच जायरो ताशी ७० किलोमीटर वेगाने धावत असताना उड्डाण रद्द केले आणि फक्त ब्रेकने थांबवले, तर गणित बदलते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती सुमारे ४७ किलोज्यूल होते, म्हणजे जवळपास आठपट. प्रत्येक डिस्कचे तापमान त्याच हिशोबाने ४३० अंशांनी वाढेल. या उष्णतेत सायकलचे राळमिश्रित पॅड पकड सोडू लागतात, तेल उकळू शकते आणि पातळ डिस्क वाकडी होऊ शकते.

प्रत्यक्षात इतकी वेळ सहसा येत नाही, कारण मागे कललेला रोटर हाच मोठा हवाई ब्रेक असतो. वेग जास्त असताना थांबवण्याचे काम त्याने करायचे आणि वेग उतरल्यावर चाकांच्या ब्रेकने, ही विभागणी वैमानिकाने पाळली तरच सायकलचा ब्रेक पुरतो. दोनआसनी, ५०० किलोच्या जायरोत मात्र हेच आकडे दुप्पट होतात आणि सायकलच्या भागांना वावच उरत नाही.

इंजिन जोरात असताना ब्रेक धरून ठेवतील का?

इथे एक गोष्ट जायरोच्या बाजूची आहे. चाक लहान असते. ब्रेकने चाकाला दिलेला पीळ जमिनीपाशी किती जोर लावतो, हे चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. चाक जितके लहान, तितका जोर जास्त. सायकलच्या चाकाची त्रिज्या साधारण ३४ सेंटिमीटर असते. छोट्या जायरोवर वापरल्या जाणाऱ्या ६ इंची रिमच्या टायरची त्रिज्या १६ ते १७ सेंटिमीटर भरते. त्यामुळे तोच ब्रेक इथे जमिनीपाशी दुप्पट जोर देतो.

प्रोपेलर १०० किलो जोराने ढकलत असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५० किलो येतात. त्यासाठी सुमारे ८० न्यूटन-मीटर पीळ लागतो. चांगला सायकल ब्रेक जोराच्या थांब्यात याहून जास्त पीळ सहज देतो. तेव्हा कोरड्या काँक्रीटवर ब्रेक धरतो. ओल्या गवतावर मात्र ब्रेक घट्ट असूनही टायरच घसरतात. त्याला कोणताही ब्रेक उपाय नाही.

लहान चाकाची दुसरी बाजूही आहे. ते जास्त वेगाने फिरते. ताशी ७० किलोमीटरला हे चाक मिनिटाला अकराशेहून अधिक फेरे घेते. सायकलचे मोठे चाक ताशी ४० किलोमीटरला ३१०च्या आसपास फेरे घेते. म्हणजे जास्त वेगात पॅड आणि डिस्क यांचे घर्षण सायकलवर कधी होत नाही इतक्या गतीने होते. हेही कमी वेगातच ब्रेक वापरण्याचे कारण आहे.

खरी अडचण कुठे येते?

अडचण ब्रेकमध्ये कमी आणि तो ज्याला बसवला त्यात जास्त असते. वरच्याच उदाहरणात टायर जमिनीपाशी ५० किलो जोर घेतो, पण कॅलिपर डिस्कला आसापासून जेमतेम ७ सेंटिमीटरवर धरतो. त्यामुळे कॅलिपरच्या पट्टीवर सुमारे ११५ किलोचा जोर येतो. पाइपाभोवती क्लॅम्प आवळून बसवलेली पट्टी या जोराने आसाभोवती फिरते, केबल ओढली जाते आणि चाक एकदम जाम होते किंवा ब्रेक पूर्ण सुटतो. पट्टीला फिरता येणार नाही असा पक्का आधार द्यावा लागतो.

तो आधार देतानाही चुका होतात. बेन्सन धाटणीच्या सांगाड्यात उष्णतेने कडक केलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. त्यावर वेल्डिंग केले तर सांध्याजवळची नळी मऊ पडते. आसाच्या नळीला भोके पाडली तर ती नेमकी सर्वाधिक ताण येणाऱ्या जागी कमकुवत होते. म्हणून जाणकार बांधणारे आसाच्या बुडाशी स्वतंत्र पोलादी पट्टी बोल्टने बसवतात आणि कॅलिपर तिला लावतात.

दुसरी अडचण बेअरिंगची. डिस्क आणि पॅड यांच्यात मिलिमीटरच्या काही अंशांइतकीच फट असते. हातगाडीच्या किंवा बागेतल्या ढकलगाडीच्या स्वस्त चाकात साधे बुश असते. त्यात खेळ असतो. चाक हलले की डिस्क पॅडना मागे ढकलते. मग पुढच्या वेळी लिव्हर ओढली की पहिल्यांदा ती पोकळ लागते. दुसऱ्यांदा ओढल्यावर ब्रेक लागतो, पण तोवर यंत्र पुढे गेलेले असते. खडबडीत मैदानावर उतरताना लवचीक आस वाकला तरी हेच होते. त्यामुळे घट्ट बॉल बेअरिंग आणि न वाकणारा आस ही सायकल ब्रेकची पहिली अट आहे.

सायकलचे अख्खे चाकच वापरण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. सायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या आऱ्यांवर बाजूचा जोर फारसा येत नाही. जायरो कलत नाही. आडव्या वाऱ्यात उतरताना बाजूचा सगळा झटका चाकावर येतो आणि आऱ्यांचे चाक पत्रावळीसारखे दुमडू शकते.

आणखी एक बारकावा. सायकलच्या डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, कारण तिचे तिरपे दांडे एकाच दिशेचा जोर घेण्यासाठी आखलेले असतात. सायकलवर डिस्क डाव्या बाजूला असते. जायरोत दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला डिस्क बसवली की त्यातील एक उलटवावी लागते, नाहीतर ती उलट्या दिशेने ताण घेते.

तारेचा ब्रेक बरा की तेलाचा?

तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक कमी श्रमात जास्त जोर देतो आणि पॅड झिजले तरी आपोआप जुळवून घेतो. पण सायकलची एक लिव्हर एकाच कॅलिपरसाठी असते. तिच्यात तेवढेच तेल ढकलण्याची क्षमता असते. एका लिव्हरवर दोन कॅलिपर जोडले तर दुप्पट तेल लागते आणि लिव्हर मुठीला टेकते तरी ब्रेक पुरता लागत नाही. त्यासाठी दोन लिव्हर लावाव्या लागतात किंवा मोठा मास्टर सिलिंडर.

तेलाच्या प्रकारातही गफलत चालत नाही. काही कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, काहींचे मोटारसायकलप्रमाणे ‘डॉट’ द्रवावर. एकात दुसरे घातले की आतील रबरी सील फुगतात किंवा खराब होतात. ‘डॉट’ द्रव हवेतील ओलावाही शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. वर्षातून मोजकेच दिवस उडणाऱ्या यंत्रात तो वेळेवर बदलण्याचे भान राहत नाही.

तारेचा ब्रेक यापेक्षा साधा आहे. एका लिव्हरने दोन तारा ओढणाऱ्या लिव्हर तीनचाकी सायकलींसाठी तयार मिळतात. मात्र दांडीपासून चाकापर्यंत तार लांब जाते, तिचे बाहेरचे आवरण दाबले जाते आणि ओढ वाया जाते. न दबणारे आवरण आणि कमीत कमी वळणे असतील तर हा तोटा कमी होतो. पॅड झिजले की तार हाताने आवळावी लागते, हे लक्षात ठेवायचे.

दोन्ही प्रकारांत एक उणीव सारखी आहे. सायकलच्या लिव्हरला सहसा उभे राहण्यासाठीचे कुलूप नसते. पट्टा बांधून लिव्हर दाबून ठेवता येते, पण इंजिन सुरू करताना चाकांपुढे लाकडी ठोकळे हवेतच.

एकच चाक धरले तर काय होते?

जायरोप्लेन उंच आणि अरुंद असते. रोटर आणि इंजिन यांमुळे वजन वर असते. एका बाजूचा ब्रेक आधी लागला तर यंत्र त्या बाजूला वळते. वेग असेल तर कलते. फिरत्या रोटरचे टोक जमिनीला लागले की पाती मोडतात, त्यांचे तुकडे उडतात आणि यंत्र उलटते. यात ब्रेक निकामी झालेला नसतो. तो एका बाजूला जास्त चांगला लागलेला असतो.

यावर उपाय म्हणून दोन्ही तारा तराजूच्या दांडीसारख्या मधोमध खिळलेल्या पट्टीला जोडतात. एक तार सैल असली तरी ओढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. काही यंत्रांत मुद्दाम डावा-उजवा ब्रेक वेगळा ठेवतात, कारण पुढचे चाक मोकळे फिरणारे असते आणि वळण ब्रेकनेच घ्यायचे असते. तिथे वैमानिकाचा सराव हाच समतोल.

फक्त पुढच्या चाकाला ब्रेक लावणे सोपे असले तरी त्यावर वजन थोडेच असते. ते लवकर जाम होऊन घसरते आणि दिशा हातातून जाते. उतरल्याबरोबर ब्रेक आवळणेही व्यर्थ आहे. त्या क्षणी रोटर अजून यंत्राचे बरेच वजन पेलत असतो, टायरवर भार नसतो आणि चाके लगेच जाम होतात. आधी यंत्र जमिनीवर नीट बसू द्यायचे, मग हलका ब्रेक, हा क्रम इथे महत्त्वाचा ठरतो.

रोटर थांबवण्यासाठी हा ब्रेक चालतो का?

काही बांधणारे सायकलची डिस्क आणि कॅलिपर रोटरच्या माथ्यावरही बसवतात, उतरल्यावर पाती लवकर थांबावीत म्हणून. खरा धोका इथेच आहे.

समजा रोटरचा व्यास ७ मीटर आणि दोन्ही पात्यांचे मिळून वजन २५ किलो आहे. मिनिटाला ३५० फेरे घेताना त्याच्यात सुमारे ६८ किलोज्यूल ऊर्जा असते. उतरणाऱ्या अख्ख्या यंत्रात ६ किलोज्यूल होती. म्हणजे माणसासह धावणाऱ्या यंत्रापेक्षा डोक्यावर फिरणाऱ्या २५ किलोंच्या पात्यांत अकरापट ऊर्जा आहे. ती एकाच ११० ग्रॅमच्या डिस्कमध्ये उतरवली तर हिशोबाने तापमान बाराशे अंशांहून जास्त वाढते. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी पॅड जळतात. शिवाय जोरात थांबवताना पात्यांच्या मुळाशी आडवा ताण येतो आणि तो दांड्यातून सांगाड्यात उतरतो.

रोटर स्वतःहून मिनिटाला १०० फेऱ्यांपर्यंत मंदावू दिला तर ऊर्जा ५ ते ६ किलोज्यूलवर येते, म्हणजे पुन्हा एका सायकलइतकी. तिथून पुढे सायकलचा ब्रेक ते काम नीट करतो आणि थांबलेला रोटर वाऱ्याने फिरू नये म्हणून धरूनही ठेवतो. एकच भाग पहिल्या वापरात घातक आणि दुसऱ्या वापरात योग्य ठरतो. फरक फक्त काही मिनिटे वाट पाहण्याचा असतो.

बसवल्यावर चाचणी कशी घेतात?

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून होते. ब्रेक आवळून यंत्राला दोरी बांधायची आणि मध्ये ताणकाटा लावून ओढायचे. प्रोपेलरच्या जोराइतक्या ओढीला चाके फिरता कामा नयेत आणि कॅलिपरची पट्टी किंचितही सरकता कामा नये. त्यानंतर पाती बांधून ठेवून मोकळ्या जागी हळू वेगात पुन्हा पुन्हा थांबायचे. नव्या पॅडना डिस्कवर बसण्यासाठी असे वीसेक थांबे लागतातच. सायकलवर ते आपोआप होतात. जायरोत ब्रेक क्वचित वापरला जातो, त्यामुळे मुद्दाम करावे लागतात. हे न केल्यास पॅड शेवटपर्यंत अर्धीच पकड देतात.

पुढे प्रत्येक उड्डाणापूर्वी डिस्क पाहायची. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या धुरातील तेल तिच्यावर बसले तर पकड जाते. नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर जाड असते. दीड मिलिमीटरवर आली की बदलायची.

भारतात असे करता येईल का?

अमेरिकेतील ‘भाग १०३’सारखी परवान्याविना मोकळीक भारतात नाही. उडणाऱ्या यंत्रासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी लागते, मग ते घरी बांधलेले का असेना. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, पण त्याची नोंदणी होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडले. ब्रिटनमध्येही हलक्या जायरोप्लेनसाठी स्वतंत्र तांत्रिक निकष आहेत.

या परवानग्या म्हणजे निव्वळ कागदी अडथळे नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एका तरुण कारागिराचा स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला. यंत्र जमिनीवरच होते. फिरणारे पाते तुटले आणि त्याच्या डोक्यावर आघात झाला. त्या घटनेचा ब्रेकशी संबंध नव्हता. पण फिरत्या पात्यांतली ऊर्जा यंत्र उडाले नसतानाही जीव घेते, हे त्यातून दिसले.

मग उत्तर काय?

एकआसनी, २५० किलोंच्या आसपासच्या जायरोप्लेनला सायकलचे डिस्क ब्रेक पुरतात, पण ठरावीक कामापुरते. उभे धरून ठेवणे, धावपट्टीकडे जाताना वेग आवरणे आणि उतरल्यावर शेवटचा वेग मारणे ही ती कामे. भरधाव यंत्र थांबवणे किंवा पूर्ण वेगातील रोटर अडवणे हे त्यांचे काम नाही. दोनआसनी यंत्राला विमानासाठीचेच ब्रेक हवेत.

सायकलचा ब्रेक सायकलसाठी तपासलेला असतो. आस, पट्टी, बेअरिंग, तारेची वाट हे सगळे बांधणाऱ्याने नव्याने केलेले असते आणि त्याची तपासणी कोणत्याही कारखान्यात झालेली नसते. ती त्याला स्वतःच करावी लागते. त्यामुळे अनुभवी बांधणारे एक साधा नियम पाळतात. ब्रेक अजिबात लागला नाही तरी सुखरूप थांबता येईल एवढे मोठे मैदान असेल, तरच उड्डाण करायचे.